विजूच्या नावापुढची कोरी जागा

२७ जुलै, ऐतवार

कोमल,

फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. चौथी शिकलेल्या बाईला एवढं लिहायला सकाळपासून तीन कागद लागलेत, त्याची तरी कदर कर.

फोन काहून केला न्हाई म्हणशील. फोन तू उचलत न्हाईस. आन उचललास तर मी भांडते, हे आपल्या दोघींना बी ठाऊक आहे. कागदावर भांडायचं म्हणलं की हात दुखतो, म्हणून माणूस जरा गोड राहतो.

तर खबर सांगते. आपल्या शाळेपुढं नवा चौथरा झाला! काळ्या दगडाचा, गुळगुळीत, वर तिघांची नावं कोरलेली. पहिला किशनरावांचा भाऊ अमृतराव, एकाहत्तरच्या लढाईतला. त्याच्याखाली मदीनाबीचा मुबश्शीर, कारगिलला गेलेला. त्याच्याखाली आपला विजू, पूर्ण नावानं, विजयकुमार. काल दुपारी कुणी न्हाई बघून मी बोटानं चाचपून आले. अगं, लई खोल कोरलंय! पाऊस-पाण्यानं शंभर वर्षं जायचं न्हाई.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की जिल्ह्याचे साहेब फुलं वाहणार. आसपासच्या गावचे माजी सैनिक पदकं लावून येणार. पोरं लेझीम बसवून राहिलीत. त्या ढोलानं माझी म्हैस पान्हा चोरायला लागली, पण मी काही बोलले न्हाई. वाजवा म्हणलं, लेकरांनो, खुशाल वाजवा!

आन हजेरी बी होणार. शाळेत सुनिताबाई म्हणून नव्या हेडबाई आल्यात. त्यांनी जुना हजेरीपट काढला आन मलाच इचारलं, ही काय रीत आहे? मी सांगितलं, अमृतराव गेला तवाच्या गुरुजींनी त्याचं नाव पटावरून कमी करू दिलं न्हाई. ते म्हणले, देशापायी गेलेलं माझं पोरगं गैरहजर कसं मांडू? तवापासून दर पंधरा ऑगस्टला नाव पुकारायचं आन त्याच्या घरातल्या माणसानं उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. तवा पटावर खूण होते. कुणी न्हाई बोललं तर जागा कोरी राहते. सुनिताबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी बोट ठेवून इचारलं, विजयकुमारच्या नावापुढं दोन वर्षं कोरं काहून?

मी म्हणलं, म्हशीची येळ झाली, आन निघून आले.

तू यावंस असं गावाचं म्हणणं आहे. माझं काही न्हाई. गावाचं आहे.

चतुराबाई


३० जुलै, बुधवार

कोमल,

काल पंचीम झाली. गावातल्या साऱ्या लेकी माहेरी आल्या होत्या. लिंबाला झोका बांधला, बाया गाणी म्हणून म्हणून घसा बसवून घेतात तसा बसवला. मी दारात बसून बघितलं. घरात मी आन म्हैस, आमाला कुणी यायचं न्हाई.

आता खरं लिहिते. तू यावंस असं गावाचं म्हणणं न्हाई. ते मी पदरचं लावलं होतं. गावाचं म्हणणं निराळंच आहे.

किशनराव म्हणतात, मोठे साहेब येणार, त्यांच्यापुढं एका जवानाचं नाव पुकारायचं आन सारं गाव मुकं, हे शोभत न्हाई. म्हणून औंदा विजयकुमारसाठी ‘हजर’ ते म्हणणार. भावाचं बी तेच आन विजूचं बी तेच.

किशनराव वाईट माणूस न्हाई, हे तुला बी माहीत आहे. पंचाहत्तरी झाली तरी जुना चौथरा रोज सकाळी तेच झाडायचे. माणूस भला आहे म्हणून जास्त तकलीफ आहे. वाईट असता तर मी त्याला दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आन एक लपवून राहिले होते ते बी लिहिते. मागल्या महिन्यात त्यांनी घरी येऊन मला इचारलं होतं. मी मान डोलावली. व्हय, मीच! ते म्हणले, वहिनी, तुमच्यानं बोलवत न्हाई, सून दुसऱ्या घरी गेली, मग कोण बोलणार?

ते खरंच आहे. माझ्यानं बोलवत न्हाई. विजू सीमेवर गेला त्याला सहा वर्षं झाली. गावाशी भांडायला माझा आवाज येशीपल्याड जातो, आन विजूचं नाव पुकारलं की तोंडातून एक अक्षर निघत न्हाई. पयली चार वर्षं तू म्हणलीस. ताठ उभी राहून म्हणायचीस. मी तुझ्या बाजूला बसून पदर तोंडात धरायचे.

पर काल झोक्याकडं बघता बघता मला घाम फुटला. तो दगड, ती पोरं, ते पदकं लावलेले म्हातारे, आन माझ्या विजूच्या नावाला दुसऱ्या घरचा माणूस ओ देणार! मी उठून तशीच किशनरावांकडं गेले आन म्हणलं, मी डोलावलेली मान मागं घेते. ते हसले. म्हणले, वहिनी, मान मागं घेता येते, पण ‘हजर’ कोण म्हणणार ते सांगा.

तू ये. आता हे माझं म्हणणं आहे.

चतुराबाई


५ ऑगस्ट, मंगळवार

कोमल,

तुझं पत्र आलं. पोस्टमन हाक मारायच्या आधीच मी धावले, पायातली एक चप्पल चिखलात राहिली. आन पत्र काय, तर तीन ओळी! ‘आत्या, तब्येतीला जपा. मी येणार नाही. तुमचा हात माझ्या तोंडावर होता, त्या हळदीचा वास अजून जात नाही.’

मदीनाबी बसली होती पाटावर. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणली, “गे चतुरा, लडकी बराबर बोली.” मग पान लावत बसली. मला धीर द्यायचा सोडून पान!

लिहितेच आता. त्यावर न लिहिता किती दिवस इकडच्या तिकडच्या गोष्टी लिहायच्या?

दोन वर्षांमागं चैतात तू संतरामशी लगीन केलंस. मला इचारून केलंस, हे बी खरं. मी तवा ‘बरं’ म्हणलं आन पोटात जाळ धरला. मग पंधरा ऑगस्टला तू आलीस. नवं मंगळसूत्र, हिरवी साडी, नांदेडहून पहाटच्या गाडीनं, रात्रीची ड्युटी करून, डोळे लाल. दवाखान्याची चप्पल बी बदलली न्हवतीस. माझ्या बाजूला बसलीस. विजूचं नाव पुकारलं. तू उठायला लागलीस आन तोंड उघडलंस, आन मी तुझ्या तोंडावर हात दाबला. साऱ्या गावापुढं. दुसऱ्या हातानं तुला खाली ओढलं.

माझ्या हाताला त्या सकाळी दळलेल्या हळदीचा वास असणार. मला आठवत न्हाई. तुझ्या ध्यानात राहिला.

लोकांना वाटलं, सून दुसऱ्याची झाली म्हणून म्हातारीनं तिला बोलू दिलं न्हाई. मी बी तेच सांगत फिरले. पर ते खरं न्हाई, कोमल. मला तुझा हेवा वाटला. तू नवा संसार मांडलास, हसायला लागलीस, तरी तुझ्या तोंडून माझ्या लेकराचं ‘हजर’ निघत होतं. मी नऊ महिने पोटात वागवलेलं, आन माझ्या तोंडून ते निघत न्हवतं. मला वाटलं, ही आज बी बोलली तर विजू हिचाच होईल, मला काय राहील? असला हलकट इचार, भर झेंड्याखाली.

तुला माय न्हाई. मामाच्या घरी वाढलीस. ह्या घरात आलीस तवा पयल्या आठवड्यात मला ‘आई’ म्हणाली होतीस. मी म्हणलं, सासूला आत्या म्हण, तीच रीत आहे. तुझं तोंड मी तवा बी बंदच केलं म्हणायचं.

माझं चुकलं. कोमल, माझं लई चुकलं.

आलीस न्हाईस तरी हे खरं राहील.

चतुराबाई


१० ऑगस्ट, ऐतवार

अगं कोमल!

आज माझा हात थांबत न्हाई, अक्षर वाकडं गेलं तर लावून वाच. आज ग्रामसभा झाली! मारुतीच्या पारावर, चावडीत माणूस मावंना म्हणून. आन मी बोलले! पदर खोचून, समद्यांपुढं!

सुरुवात किशनरावांनी केली. पंधरा तारखेला काय काय करायचं ते वाचून दाखवलं आन शेवटी म्हणले, विजयकुमारच्या नावाला मी ओ देईन, कुणाची हरकत? मी उठले. मी म्हणलं, माझी हरकत. माझी कोमल येणार आहे.

बाप रे, काय गलका! कुणी म्हणलं, ती आता त्या घरची. कुणी म्हणलं, शासनाच्या कागदावर वारस म्हणून कोण लिहिलंय ते बघा. किशनरावांनी हात वर करून साऱ्यांना गप केलं. ते म्हणले, “वहिनी, रीत आपल्या गुरुजींनी घालून दिली. घरातलं माणूस पायजे. कोमल भली पोरगी आहे, पर ती लगीन करून दुसऱ्याच्या घरी गेली. आता ती घरातली कशी?”

तवा मला काय झालं काय की. मी म्हणलं, “किशनराव, अमृतरावासाठी दरसाल तुमच्याबरोबर ‘हजर’ कोण म्हणतं?”

“मी आन माझी बहीण मिना.”

“मिनाबाई कुठं राहतात?”

“औंढ्याला. तिच्या सासरी.”

“मग त्या बी लगीन करून दुसऱ्याच्या घरी गेल्या की! पन्नास वर्षं झाली. औंढ्याहून येऊन ह्या चौथऱ्यापुढं ओ देतात, तवा कुणी म्हणलं का, तुमी ह्या घरच्या न्हाईत?”

किशनरावांनी टोपी सारखी केली. म्हणले, “वहिनी, मिना लेक आहे. लेक कुठं बी दिली तरी लेकच राहते. कोमल सून आहे. सुनेचं नातं नवऱ्यासंगं.”

मी म्हणलं, “बरं. सुनेचं नातं तुटतं, लेकीचं तुटत न्हाई, असंच ना? मग लिहून घ्या ग्रामसेवक. आजपासून कोमल माझी सून न्हाई. माझी लेक आहे. मीच तिला दुसऱ्या घरी दिली असं समजा.”

खरं सांगते, हे मी घरून ठरवून गेले न्हवते. तोंडातून निघालं आन निघाल्यावर मला कळलं की हे खरंच आहे. मदीनाबीनं तिथंच टाळी वाजवली आन तिची चंची खाली पडली. सुपाऱ्या साऱ्या पारभर! बाया हसाय लागल्या, दोघी-तिघी रडाय लागल्या. ग्रामसेवकाला कळंना की हे लिहायचं कसं. तो म्हणला, आजी, असा ठराव आजवर झालेला न्हाई. मी म्हणलं, मग आज होऊ दे!

किशनरावांनी वाकून दोन सुपाऱ्या उचलल्या आन मदीनाबीच्या हातावर ठेवल्या. मग म्हणले, “माझ्या भावाला ओ द्यायला लेक येते. तुमच्या लेकाला ओ द्यायला तुमची लेक आली तर मी कोण अडवणारा? लिहा.”

लिहिलं! सह्या झाल्या! मी चतुराबाई म्हणून पूर्ण सही केली, अंगठा न्हाई.

पर एक अट घातली त्यांनी. लेक आली पायजे. न्हाई आली तर जागा कोरी ठेवायची न्हाई, मग ते बोलणार. मी कबूल झाले. आता सारं तुझ्यावर आहे, बाई. मी तुला तुझ्या नकळत लेक केलं, तुझा राग मला समजतो. राग घेऊनच ये. गाडीत बसून सारा रस्ता राग कर, मातर ये.

चतुराबाई


१३ ऑगस्ट, बुधवार

कोमल,

आपल्या गल्लीतल्या फकीरची जीप नांदेडला चालली, त्याच्या हाती देते, पोस्टानं पोचायचं न्हाई.

तुझा जबाब न्हाई. तीनदा पोस्टमनला अडवलं. तो आता दुसऱ्या गल्लीनं जातो.

झेंड्याचा खांब रंगवला. चौथऱ्यावर झेंडूच्या माळा सोडायच्या ठरल्या. मघाशी गोठ्यात जाऊन म्हशीपुढं मोठ्यानं ‘हजर’ म्हणून बघितलं. निघालं. मग चौथऱ्यापुढं जाऊन म्हणून बघितलं. न्हाई निघालं.

विजूच्या नावापुढं तुझा आवाज पायजे. मला दुसरं काही सांगता येत न्हाई.

तुझी वाट बघणारी,
चतुराबाई


१५ ऑगस्ट, शुक्रवार, दुपार

चिरंजीव संतराम यांस, अनेक आशीर्वाद.

जावईबापू,

तुमाला माझं अक्षर पयल्यांदाच येऊन राहिलं. आपली तोंडओळख बी न्हाई. दोन वर्षं मी तुमचं नाव घ्यायचं टाळलं, आन आता पयलंच पत्र, ते बी तुमाला रागावायला! फकीर उद्या सकाळी आणून देईल.

आधी चांगलं सांगते. कोमल आली! सकाळी सातच्या यष्टीनं. मी फाट्यावर पाचपासून उभी. गाडी थांबली, दार उघडलं, आन आधी तिची पिशवी दिसली, मग पोट. मग कोमल.

सात महिने! आन मला एका अक्षरानं कळवलं न्हाई! बराबर आहे म्हणा, कळवायचं कुणाला होतं? मी रस्त्यातच बसले. गाडीतली माणसं म्हणली, आजीला चक्कर आली. चक्कर कशाची, मला हसू आवरत न्हवतं. ती म्हणली, “आत्या, उठा, झेंडा चुकेल.” दोन वर्षांनी माझ्याशी बोललेला पयला शब्द.

झेंडावंदन झालं. पाऊस नेमका तेवढा थांबला. साहेबांनी फुलं वाहिली, म्हातारे सैनिक ओळीनं उभे राहिले, एकाला काठी होती तरी त्यानं ती खाली ठेवली. सुनिताबाईंनी हजेरीपट उघडला. त्यांनी अमृतरावांचं नाव पुकारलं. किशनराव आन मिनाबाई उठून म्हणले, “हजर.” मुबश्शीर शेख. मदीनाबी उठली, शहात्तरची बाई, “हाजिर!” असं म्हणली की साहेब दचकले.

मग विजयकुमार.

कोमल उठली. तिनं तोंड उघडलं, आन थांबली. माझ्याकडं बघितलं. जावईबापू, ती माझ्या हाताकडं बघत होती. सारं गाव तिच्याकडं आन ती माझ्या हाताकडं. सुनिताबाईंनी दुसऱ्यांदा नाव पुकारलं. किशनराव खुर्चीतून जरासे हलले. मी दोन्ही हात मागं घेतले, कमरेमागं घट्ट धरले, तिच्या डोळ्यांदेखत. आन म्हणलं, “बोल, माय.”

“हजर!”

असं बोलली ती! शाळेची भिंत घुमली! आन तिच्या मागून आणखी एक ‘हजर’ आलं, फाटक्या आवाजाचं, घोगरं. मला वाटलं, मदीनाबी बोलली. मदीनाबी माझ्याकडं बघत होती. ते माझंच होतं.

सुनिताबाईंनी पटावर खूण केली. सैनिकांनी सलाम ठोकला. मी आन कोमल एकमेकीच्या गळ्यात पडून रडलो, आन पोरांनी लेझीम सुरू केलं तर रडता रडता हसाय लागलो. सहा वर्षं मला वाटायचं, ‘हजर’ म्हणलं की खोटं बोलल्यासारखं होईल, तो न्हाई म्हणून. आज कळलं, ते त्याच्याबद्दल न्हाईच. त्यानं आमच्यासाठी जीव दिला आन आमी त्याच्यासाठी उभे आहोत, एवढंच सांगायचं असतं. ते खोटं कसं असेल?

किशनराव घरी गेले आन त्यांच्या बायकोला घेऊन आले. तिच्या हातात खण-नारळ. म्हणले, गावची माहेरवाशीण आली, ओटी भरा. आता सांगा, अशा माणसावर राग धरायचा तरी कसा?

आता रागवायचं. सातव्या महिन्यात बाईला यष्टीनं पाठवलं तुमी? ती म्हणते, तुमाला ड्युटी होती आन तीच हट्ट करून निघाली. नर्स असली म्हणून काय झालं! दुसऱ्याचं बाळंतपण करणं निराळं आन स्वतःचं पोट घेऊन फाट्यावर उतरणं निराळं. पुढच्या येळंला असं चालायचं न्हाई.

मी तिला इचारलं, बाळंतपण कुठं ठरवलंय? ती म्हणली, नांदेडलाच, करायला कुणी न्हाई, यांनी पंधरा दिवस रजा काढलीय. मी म्हणलं, कुणी न्हाई म्हणजे? ग्रामसभेचा ठराव आहे माझ्याकडं! शिक्क्यासकट! पयलं बाळंतपण कुठं होतं ते साऱ्या महाराष्ट्राला इचार. ती तोंड फिरवून बसली. मग हळूच म्हणली, “आई, मला शेंगदाण्याची चटणी पाहिजे.”

तवा मी उठून चटणी कुटली. ती खाऊन झोपली आहे. वसमतच्या सरकारी दवाखान्यात नाव घालू, तिथली बाई तिच्या ओळखीची आहे. रजेचा अर्ज ती उठली की लिहील. तिचे कपडे, गोळ्या आन फोनचा चार्जर फकीरच्या जीपमधून पाठवा.

तुमी भेटायला कवा बी या, घर तुमचंच आहे. लेकीला न्यायला मातर येऊ नका, मी पाठवायची न्हाई. बारशाला या.

तुमची सासू,
चतुराबाई